ट्यूब 'दामटणे' चालेल का?

शेवाळकन्या: पाणवनस्पतींच्या टाकीवरचा एक जुना अमेरिकन लेख मराठीत करतेय. ३२ वॅटच्या ट्यूबला मुद्दाम जास्त वॅटचा इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट (ट्यूबचा करंट आवरणारा डबा) जोडायचा आणि तिच्यातून जादा उजेड काढायचा, असा तो उद्योग. तिकडे याला 'ओव्हरड्राइव्ह' म्हणतात. मी 'ट्यूब दामटणे' लिहिलं. संपादक म्हणतात, घोडा दामटतात, 'अतिचालन' करा. अतिचालन वाचलं की मला पावतीपुस्तक घेतलेला हवालदार दिसतो! बॅलास्टला 'चोक' लिहिलं होतं, त्यावरही लाल रेघ.

लोहारचाळकर: चोकच. आमच्या गल्लीत 'बॅलास्ट द्या' म्हणून बघा, दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल आणि मग आतून चोकच आणेल. घूंऽऽ करणारा जड तो साधा, हलका तो इलेक्ट्रॉनिक.

ऱ्हस्वदीर्घ: दुकानदार बोलतो ते छापायचं, तर कोश कशाला? चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. इलेक्ट्रॉनिकवाला ५० हर्ट्झची वीज २० हजारांच्या वर नेतो, त्याला चोक कसं म्हणणार? शिवाय माशांच्या टाकीवरच्या लेखात 'चोक' वाचून लोक फिल्टर धुवायला धावतील. 'स्थिरक' लिहा.

लोहारचाळकर: स्थिरक मागितला तर गुडघ्याचा पट्टा मिळेल.

नानाची_नात: चोक म्हणजे गळा आवळणं, आणि काम तेच आहे हो. ट्यूब पेटली की आतल्या वायूचा रोध घसरतो, करंट वाढतच सुटतो. कोणी आवळून धरलं नाही तर ट्यूब संपली. म्हणजे जास्त वॅटचा चोक लावणं हे दामटणं नव्हे, लगाम सैल सोडणं. आमच्या नानांनी २० वॅटच्या ट्यूबवर ४०चा चोक चढवला होता. लख्ख पडला उजेड, पण दुप्पट काही वाटला नाही, आणि टोकं मात्र लवकर काळी पडली. नाना म्हणायचे, "पिदडली बिचारीला."

शेवाळकन्या: पिदडणे! वा. पण शीर्षकात जरा…

गलबत: मूळ बॅलास्ट जहाजाचा. रिकामं गलबत कलंडू नये म्हणून तळाशी दगड-वाळू भरतात, त्याला मराठीत नीरम म्हणतात. रुळांखालची खडीसुद्धा बॅलास्टच.

लोहारचाळकर: म्हणजे मी आता ट्यूबमध्ये खडी भरू?

ऱ्हस्वदीर्घ: नीरम सुंदर आहे. 'माशांची टाकी' मात्र खटकतं. मत्स्यालय म्हणा.

नानाची_नात: मत्स्यालय म्हणजे तिकीट काढून बघायचं, मुंबईत तारापोरवाला असायचं तसं. घरातल्या दोन फुटी काचेला कोण मत्स्यालय म्हणतं?

ऱ्हस्वदीर्घ: ग्रंथालयही घरात असतं.

नानाची_नात: तुमच्याकडे असेल. आमच्याकडे कपाट आहे.

शेवाळकन्या: अहो, दामटणे की पिदडणे? लेख शुक्रवारी द्यायचाय.

गलबत: एक राहिलंच. तो नीरम की ते नीरम?