सहा तासांचं शिक्षक प्रशिक्षण: न्यूरोडायव्हर्जंट मुलांसाठी नेमकं काय शिकवावं?

शाळा_समन्वयक
बारा शिक्षकांसाठी सहा तासांचं प्रशिक्षण आखते आहे. वर्गांत न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची काम करण्याची धाटणी वेगळी असलेली, मुलं आहेत: काहींना ऑटिझम (संवाद आणि आवाज-स्पर्शाची जाणीव वेगळी), काहींना एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड), काहींना डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण). बहुतेक वेळ लक्षणांच्या स्लाइड्समध्येच जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्ग होता तसाच. वेळेची वाटणी कशी करावी? वाचताना मजकुरावर ठेवायचे रंगीत पारदर्शक कागद वगैरे साहित्य आधी घ्यावं का?

विशेष_शिक्षक
सहा तास एकाच दिवशी उरकू नका. पहिलं सत्र दोन तासांचं, मग दर पंधरवड्याला एकेक तासाची चार. मधल्या काळात प्रत्येकाने एकच बदल करून बघायचा आणि सहकाऱ्याने मागे बसून दहा मिनिटं निरीक्षण करायचं. हे निरीक्षण गाळलं, तर पद्धत वहीतच राहते. लक्षणांना अर्धा तास पुरे.

पहिला सराव सूचना देण्याचा. "पुस्तकं मिटा, वही काढा, तारीख घाला आणि कालचा राहिलेला प्रश्न सोडवा" यात चार कामं आहेत. ऐकलेलं लक्षात धरून ठेवणं ज्याला जड जातं, ते मूल दुसऱ्याच कामाशी अडकतं आणि 'लक्ष नसतं' असा शेरा मिळवतं. एका वेळी एक काम सांगा, फळ्यावर दोन शब्दांत लिहा, मनात दहा आकडे मोजा. चूक हमखास होते ती इथे: तिसऱ्या सेकंदाला शिक्षक तीच सूचना वेगळ्या शब्दांत देतात आणि मुलाला पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो. जोड्या करून, घड्याळ लावून सराव घ्या.

समुपदेशक_वर्तन
एक पूर्ण सत्र वर्तनाच्या नोंदीला द्या. चार रकाने: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. 'मुद्दाम त्रास दिला' ही नोंद नव्हे, तो निष्कर्ष. 'वाचायला उभं केल्यावर पुस्तक खाली टाकलं' ही नोंद. आठ-दहा नोंदींत बहुधा आकृतिबंध दिसू लागतो. वाचनाच्या तासाला गोंधळ, म्हणून वर्गाबाहेर पाठवलं, तर वाचन टळलं. म्हणजे गोंधळाचा मुलाला उपयोगच झाला. त्याऐवजी 'विश्रांती' कार्ड द्या: दोन मिनिटं थांबायचं, मग त्याच कामाचा छोटा तुकडा. सुरुवातीला कार्ड दाखवलं की दर वेळी मान्य करा, नाहीतर मूल पुन्हा पुस्तक टाकण्याकडे वळतं.

आवाज-गर्दीने मूल कोलमडलं असेल, तर प्रश्न विचारू नका, 'माझ्याकडे बघ' म्हणू नका. आवाज आणि गर्दी कमी करा. बोलायचं ते मूल शांत झाल्यावर.

शाळा_समन्वयक
छान. आणि साहित्याचं?

विशेष_शिक्षक
रंगीत कागदाने डिस्लेक्सियात वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा नाही, पैसे वाचवा. छापील कागदावर १२ ते १४ आकाराची साधी अक्षरं, दीडपट ओळ-अंतर, डावीकडून सरळ मांडणी. अचानक मोठ्याने वाचायला लावू नका. उतारा आदल्या दिवशी द्या. विज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेतलं तरी चालतं, कारण तपासायचं विज्ञान आहे. प्रश्नच सोपा करणं ही वेगळी गोष्ट. शिक्षक या दोन्हींत सतत गल्लत करतात, त्यावर वीस मिनिटं राखून ठेवा.

चित्र-वेळापत्रक (दिवसाच्या तासांची चित्रकार्डं क्रमाने लावलेला तक्ता) मात्र जरूर करा, पण ते भिंतीवरची सजावट होऊ देऊ नका. तास संपला की कार्ड काढायचं, आणि तास बदलणार असेल तर 'बदल' कार्ड आधीच लावायचं. हे काम कोणाचं, ते पहिल्याच सत्रात नावानिशी ठरवा.