रेडिओने वर्तमानपत्रं बुडवली नाहीत, मग इंटरनेटला ते कसं जमलं?

नवशिकी

नमस्कार मंडळी. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात परिसंवाद आहे आणि माझ्या वाट्याला 'रेडिओ आणि इंटरनेट यांनी माध्यमांचा धंदा कसा बदलला' हा विषय आलाय. आमच्या सरांचं म्हणणं असं की नवं माध्यम आलं म्हणून जुनं मरत नाही. रेडिओ आला तेव्हाही 'आता वर्तमानपत्रं संपली' अशी ओरड झाली होती, आत्ताची ओरडही तशीच. मला हे पटत नाहीये, पण खोडून काढायला मुद्दे नाहीत. रेडिओला जे जमलं नाही ते इंटरनेटला का जमलं? पुस्तकातलं मी वाचतेच आहे, या धंद्यात प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर हवंय.

मध्यमलहर

सरांचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं जाहिरात विभागात बसल्याशिवाय दिसत नाही.

मी आधी एका दैनिकाच्या जाहिरात विभागात होतो, नंतर रेडिओचा एअरटाइम विकला. दोन्हीकडे मी जागाच विकत होतो, पण दोन जागांची जात वेगळी. दैनिकात जाहिराती जास्त आल्या की पानं वाढवायची, कागदाचा खर्च निघतो. रेडिओत तासाची साठ मिनिटं, त्यात एकसष्टावं घालता येत नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळेतला दहा सेकंदांचा स्पॉट विकला गेला नाही तर तो गेला, उद्या दोन करून भरपाई होत नाही. आमच्याकडे लॉग, म्हणजे कोणता स्पॉट कधी वाजणार याचा तक्ता, लावणारा माणूस संध्याकाळी पुढच्या दिवसाचा तक्ता घेऊन यायचा आणि रिकाम्या चौकटींवर बोट ठेवत एकेकाकडे बघायचा. त्या चौकटीत शेवटी स्टेशनचीच जिंगल जायची.

आता दैनिकाच्या बाजूने बघा. लोकांना वाटतं पहिल्या पानावरच्या मोठ्या जाहिरातीवर पेपर चालतो. तिचा रुबाब मोठा, पण ती एजन्सीमार्फत येते, एजन्सी १५ टक्के कापून घेते आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी हातात पडतात. खरी मलई छोट्या जाहिरातींत. काउंटरवर फॉर्म, एकेका चौकोनात एकेक शब्द, शब्दागणिक दर, पैसे रोख आणि आधी. माणसं तिथेच उभी राहून शब्द कापायची; 'अत्यंत' खोडायचं, 'त्वरित' ठेवायचं. खोली भाड्याने, जुनी गाडी, नोकरी, स्थळ. ना बातमीदार लागतो, ना एजन्सी.

रेडिओने साबण, टूथपेस्ट, सिगारेट यांच्या जाहिराती ओढल्या. छोट्या जाहिरातींना त्याला हात लावता आला नाही, कारण ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. दोन खोल्यांचं घर शोधणारा माणूस कानाला रेडिओ लावून शंभर घरं ऐकत बसेल का? पेपरात तो रकान्यावरून बोट फिरवत खाली येतो आणि हव्या त्या तीन जाहिरातींवर खुणा करतो.

इंटरनेटने नेमकं तेच बोट काढून घेतलं. शोधणं हाच त्याचा स्वभाव. क्रेग न्यूमार्कने १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ओळखीच्यांना पाठवायची ईमेलची यादी सुरू केली, तिचीच पुढे क्रेगलिस्ट झाली. बहुतेक जाहिराती फुकट. अमेरिकी वर्तमानपत्रांचं छोट्या जाहिरातींचं उत्पन्न २००० साली १९.६ अब्ज डॉलर होतं, म्हणजे छापील जाहिरातींच्या कमाईत साधारण ४० टक्के. २००९ पर्यंत ते ६ अब्जांच्या आसपास आलं. त्या काळात बातम्यांचे वाचक एवढे घटले नव्हते. बातमीचा खर्च भागवणारा रकाना गेला, बातमी तिथेच राहिली.

रात्रपाळी

मध्यमलहरकाका, जाहिरातीचं मान्य. पण 'रेडिओ आला आणि ओरड झाली' यावर माझी हरकत आहे. मी वृत्तसंपादनातला, त्यामुळे आमची बाजू मांडतो. ती नुसती ओरड नव्हती, पेपरवाल्यांनी रीतसर नाकेबंदी केली होती.

मंदीत अमेरिकी पेपरांच्या जाहिराती घसरत होत्या आणि रेडिओच्या वाढत होत्या. १९३३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात प्रकाशक, वृत्तसंस्था आणि रेडिओची जाळी एकत्र बसली आणि रेडिओने काय सांगायचं ते ठरवून टाकलं. दिवसाला पाच-पाच मिनिटांची दोनच बातमीपत्रं. सकाळचं साडेनऊनंतर, रात्रीचं नऊनंतर, म्हणजे दोन्ही वेळा पेपर विकून झाल्यावर. शिवाय त्या बातमीपत्रांना प्रायोजक घ्यायचा नाही. ब्रिटनमध्ये तर बीबीसीला सुरुवातीला संध्याकाळी सातच्या आधी बातम्या द्यायलाच बंदी होती.

हे टिकलं नाही. करारात नसलेली स्टेशनं स्वतःच्या बातम्या गोळा करू लागली आणि १९३५ मध्ये युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेच रेडिओला बातम्या विकायला काढल्या. फळी आतूनच फुटली. पण यात एक गोष्ट दिसते: तेव्हा प्रतिस्पर्धी एका खोलीत मावत होते. इंटरनेटच्या वेळी कुणाला बोलावणार होता?

आणि अनेक पेपरांनी रेडिओशी भांडण्यापेक्षा स्टेशनच काढलं. डेट्रॉइट न्यूजचं स्टेशन १९२० च्या ऑगस्टपासून सुरू होतं.

नवशिकी

दोघांनाही धन्यवाद, हे सोन्यासारखं आहे. एक उपप्रश्न. सुरुवातीला रेडिओ ऐकणारा तर काहीच पैसे देत नव्हता. मग खर्च कोण करत होतं? आणि इंटरनेटवर 'क्लिक मोजता येतं म्हणून जाहिरातदार तिकडे गेले' असं सगळीकडे वाचते, ते कितपत खरं?

मध्यमलहर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: संच विकणारे. पिट्सबर्गचं केडीकेए हे स्टेशन १९२० मध्ये संच बनवणाऱ्या वेस्टिंगहाउसने चालवलं, कारण हवेत ऐकायला काही असेल तर संच खपतील. सगळ्यांकडे संच आले की पुढे काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. तिकडच्या एका रेडिओ मासिकाने १९२४ मध्ये 'प्रक्षेपणाचे पैसे कोणी द्यायचे' यावर ५०० डॉलरची स्पर्धा लावली होती. बक्षीस मिळालं रेडिओच्या व्हॉल्व्हवर कर बसवण्याच्या सूचनेला. ब्रिटनने ऐकणाऱ्यांना दहा शिलिंगांचा परवाना लावून प्रश्न मिटवला. अमेरिकेत उत्तर आलं टेलिफोनवाल्यांकडून: फोनवर बोलायचे पैसे घेतो तसे माइकवर बोलायचेही घेऊ. १९२२ च्या ऑगस्टमध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या डब्ल्यूईएएफ स्टेशनवर घरं विकणाऱ्या एका कंपनीने पैसे मोजून भाषण केलं. त्याच वर्षी तेव्हाचे वाणिज्य मंत्री हर्बर्ट हूवर एवढं मोठं साधन जाहिरातींच्या बडबडीत बुडू देता कामा नये म्हणून बजावत होते. कोण ऐकतो!

गंमत बघा, १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर जे पहिले बॅनर झळकले, त्यातलं गाजलेलं बॅनर पुन्हा एटी अँड टीचंच.

आता क्लिक. मोजण्याचा ध्यास रेडिओतच सुरू झाला. १९३० मध्ये क्रॉसली या श्रोते मोजणाऱ्याची माणसं घरोघरी फोन करून 'काल काय ऐकलंत?' असं विचारायची. नंतर नील्सनने ऑडिमीटर आणला. संचाला जोडलेली ही पेटी सुई कुठे आहे ते आपोआप नोंदवायची. तिची नियमित सेवा १९४२ ला सुरू झाली. खोलीत माणूस आहे की मांजर, हे पेटीला कळायचं नाही. आम्ही विकायचो तेव्हाही परिस्थिती फार वेगळी नव्हती. जाहिरातदार विचारायचा 'किती लोकांनी ऐकलं?' आणि आम्ही त्याच्यासमोर स्पॉट वाजल्याचं सर्टिफिकेट ठेवायचो. वाजल्याचं, ऐकल्याचं नव्हे.

त्यामुळे क्लिकचं आकर्षण खरंच होतं. पण माझ्या मते तो दुय्यम मुद्दा. मुख्य मुद्दा टंचाईचा. लहरी मोजक्या, १९२७ च्या अमेरिकी कायद्याने त्या कुणाला द्यायच्या हे सरकारी आयोग ठरवू लागला, म्हणून स्टेशनं मोजकी आणि रेट कार्ड, म्हणजे जाहिरातीचे दर, स्टेशन ठरवणार. इंटरनेटवर जागेला अंतच नाही, त्यामुळे नुसत्या जागेला भाव उरला नाही. भाव आला तो 'आत्ता हा माणूस काय शोधतोय' हे सांगणाऱ्याला. गूगलने २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स, म्हणजे शोधाच्या निकालांसोबत जाहिराती विकणं, सुरू केलं, पुढे क्लिकचा लिलाव लावला आणि २००३ पासून अ‍ॅडसेन्समधून दुसऱ्यांच्या पानांवरही तेच विकू लागलं. आमच्या काळात एजन्सी १५ टक्के घ्यायची पण दर आम्ही ठरवायचो. आता मध्यस्थच दर काढतो, मोजतोही तोच आणि हिशेब आपल्याला पाठवतो. विक्रेत्याच्या हातातलं रेट कार्ड गेलं, हा माझ्या लेखी रेडिओ आणि इंटरनेटमधला सगळ्यात मोठा फरक.

कानसेन

थोडं अवांतर. पॉडकास्टमध्ये निवेदकच मध्ये थांबून एखाद्या वस्तूची तारीफ करतो ना, ती अगदी १९३० च्या दशकातली पद्धत. तेव्हा अख्खा कार्यक्रम एकाच प्रायोजकाचा असायचा आणि निवेदकाच्या तोंडीच जाहिरात. सुटे स्पॉट विकण्याची रीत नंतर बोकाळली. लोक निवेदकावर विश्वास ठेवतात हे तेव्हाही कळत होतं.

रात्रपाळी

कानसेन, सहमत.

नवशिकी, एक सूचना. ते १९.६ आणि ६ अब्जांचे आकडे मांडलेत की कुणीतरी हमखास उठून म्हणेल, '२००९ हे मंदीचं वर्ष, घसरण तर होणारच.' उत्तर तयार ठेवा: मंदी सरल्यावरही छोट्या जाहिराती परत आल्या नाहीत, पुढची दोन्ही वर्षं त्या आणखी घटल्या. १९३० च्या दशकातली मंदी ओसरल्यावर पेपरांच्या जाहिराती परतल्या होत्या. सरांना हे दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवून दाखवा.

नवशिकी

हेच करते. बिल्टमोरची अट मात्र आधी सांगेन, वर्ग जागा राहील.