लेन्समध्ये बुरशी, आणि फोटो विकायचे कुठे?

प्रश्न (दापोली): हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचे फोटो काढते. पावसाळाभर कॅमेरा बॅगेत होता. परवा लेन्स उजेडात धरली तर आत कोळिष्टकासारखे धागे. साफ होईल का? फोटो विकून तेवढे पैसे तरी निघतील का?

मालवणहून: ताई, ही बुरशी. थोडी असेल तर दुरुस्तीवाला काढतो, काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. माझी पहिली लेन्स अशीच गेली, अजून जीव हळहळतो. पावसाळ्यात बॅग नकोच, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रतेचा काटा, तो 40 ते 50 टक्क्यांमध्ये ठेवायचा. किनाऱ्यावरून आलात की ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, रेती सांध्यांत बसते.

गुहागरहून: फोटो जाहिरातीसाठी स्टॉक साइटवर (फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर) द्यायचा तर ओळखू येणाऱ्या चेहऱ्याची लेखी परवानगी लागते. लिलावातल्या मावशींना आधी विचारा, एक प्रिंट नेऊन द्या. मला पहिले पैसे होमस्टेवाल्यांनी दिले: अंगण, माड, केळीच्या पानावरचे मोदक. आणि वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या पिल्लांवर फ्लॅश अजिबात मारू नका, ती उजेडाकडे वळून वाट चुकतात.

दापोली: डबा आजच आणते. प्रिंट द्यायचं खरंच सुचलं नव्हतं.