केपटाऊनचे ५० लिटर सोलापूरकराला सांगू नका

हिप्परग्याची_सून (धागा सुरू)

२२ मार्चला, जागतिक जल दिनाला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्याख्यान झालं. पाहुणे बोलले छान. २०१८ साली केपटाऊनचे नळ कोरडे पडायची वेळ आली तेव्हा लोकांनी माणशी दिवसाला ५० लिटरवर भागवलं, दोन मिनिटांत आंघोळ उरकली, तेच पाणी बादलीत धरून संडासला टाकलं, वगैरे. शेवटी म्हणाले, "त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?" टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले, कारण डोक्यात हिशोब चालला होता.

आमच्याकडं चार दिवसाआड पाणी, म्हणजे पाचव्या दिवशी. गच्चीवर हजार लिटरची टाकी, मोरीत दोनशेचा बॅरल, हंडे-कळश्या-पिंप मिळून आणखी शंभर. झाले तेराशे. घरात माणसं पाच, दिवस पाच. तेराशे भागिले पंचवीस, बावन्न. केपटाऊनने आणीबाणीत काही महिने केलं ते आम्ही माझं लग्न झाल्यापासून करतोय.

माझा राग पाहुण्यांवर नाही. पण जगातल्या पाणी वाचवण्याच्या गोष्टी सांगताना सगळे नळाच्या तोटीपाशीच का थांबतात? केपटाऊनमध्ये शेतीच्या पाण्यालाही कात्री लावली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्राबाऊ भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या तळ्यांतलं पाणी शहरासाठी सोडलं होतं. हे व्याख्यानात आलंच नाही. जगभर उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीला जातं, आपल्या देशात त्याहून जास्त. आणि आपल्या जिल्ह्यात पाटाखालची शेती म्हणजे ऊस. उजनी ११७ टीएमसीची, एवढं मोठं धरण, तरी २०२४ च्या उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्या खाली, म्हणजे पार मृतसाठ्यात गेली. ती काय आमच्या दात घासण्यामुळं?

जुळे_सोलापूर_७७

ताई, भागाकार पक्का आहे. पण बोअर कुठं गेला हिशोबात?

हिप्परग्याची_सून

बरोबर पकडलंत. सोसायटीचा बोअर संडास आणि धुण्याला चालतो, साधारण जानेवारीपर्यंत. मग मोटार नुसती हवा ओढते. डिसेंबरचा आकडा ऐंशी धरा. मार्चचा मात्र बावन्नच.

सात_रस्ता

माझा थेट विरोध. मुलगा सिंगापूरला असतो, दोनदा जाऊन आलो. तिथं पाण्याच्या बिलावर पाण्याचा दर वेगळा आणि जलसंधारण कर वेगळा छापून येतो. हा कर १९९१ पासून आहे. जितकं वापराल तितकं भरा. आपल्याकडं पाणीपट्टी वर्षाची ठरलेली, मग दोन बादल्या वापरा नाहीतर गाडी, ओटा, झाडं सगळं धुऊन काढा. आमच्या गल्लीत पाणी आलं की एक जण अर्धा तास रस्ता धुतो. धूळ बसावी म्हणून! त्याला दंड नाही की जास्तीचं बिल नाही. फुकट ते पौष्टिक. उसाकडं बोट दाखवलं की आपण मोकळे, असं करू नका. आधी मीटर बसवा.

पूर्वभाग_पेठ

मीटरला ना नाही, पण सिंगापूरच्या नळाला चोवीस तास पाणी असतं काका. आपली लाईन चार दिवस रिकामी असते. पाणी सोडलं की आधी पाईपमधली हवा बाहेर पडते आणि मीटरचा काटा त्या हवेवरच गरगर फिरतो. पाण्याच्या आधी वाऱ्याचं बिल.

आता एक गोष्ट सांगते, ती धागाकर्त्या ताईंना आवडणार नाही. आमच्याकडं बऱ्याचदा रात्री दोन-अडीचला पाणी येतं. पहिली दहा मिनिटं गढूळ, वास मारणारं, कारण लाईन रिकामी असताना बाजूच्या गटारीचं पाझरून आत येतं. ते सोडून द्यायचं. मग चांगलं पाणी आलं की मी काय करते? चार दिवसांचं उरलेलं पाणी मोरीत ओतून देते आणि हंडे घासून ताजं भरते. शिळं पाणी कोण पिणार? सासूबाई तर शिळ्या पाण्याची कळशी देवघरात जाऊ देत नाहीत. परवा मोजलं, चार हंडे आणि अर्धं पिंप. साठ-सत्तर लिटर चांगलं पाणी गटारीत. गल्लीतल्या प्रत्येक घरी हेच. म्हणजे पाणी कमी येतं म्हणूनच आपण ते ओतून देतो. रोज तासभर जरी आलं ना, तरी मी एक हंडा जास्तीचा भरणार नाही. वर साठवलेल्या पिंपात डेंग्यूच्या डासांची पैदास, ती वेगळीच.

सात_रस्ता

मग मीटर आणि चोवीस तास पाणी दोन्ही एकदम करा. कराडजवळच्या मलकापूरनं केलंय, ते काही सिंगापूर नव्हे. मीटरवर चोवीस तास पाणी, जास्त वापरेल त्याला चढता दर. तिकडं कलबुर्गीतही काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं होतं. आपल्या शेजारचं गाव.

पूर्वभाग_पेठ

काही वॉर्डांत, हे तुम्हीच म्हणालात.

मोहोळ_तालुका

वाट बघत होतो उसावर कधी येताय. आलात पहिल्याच दमात.

मी सात एकर ऊस करतो. का करतो ते ऐका. आधी डाळिंब होतं, तेल्या रोग आला, बाग मुळासकट काढली. कांदा केला, सोलापूरच्या मार्केट यार्डात नेला, गाडीभाडं आणि हमाली वजा जाता जे हातात आलं ते सांगायची लाज वाटते. मालदांडी ज्वारी घरापुरती करतो, पण काढणीला माणूस मिळत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, तोडणी टोळी करते, गाडी दारातून जाते. १४ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, एका कारखान्यानं मला सहा महिने थांबवलं, तरी मिळाले. कांद्याचे कोण देतं? ज्या पिकाच्या भावाची हमी, ते पीक मी घेणार. तुम्ही नोकरी करता, बिनपगारी कराल का?

आणि सोलापूरची चादर आणि टॉवेल जगात जातो, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण त्या टॉवेलच्या कापसाला पाणी लागतं, सूत रंगवायला पाणी लागतं. मध्य आशियात कापसासाठी नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला, होड्या वाळूत उभ्या राहिल्या. तिथं उसाचं एक टिपरूही नव्हतं.

हिप्परग्याची_सून

दादा, तुम्ही का लावता ते पटतं, पण त्यानं पाणी कमी लागत नाही ना. एक किलो साखरेमागं दीड-दोन हजार लिटर पाणी जातं असा हिशोब मांडतात. म्हणजे माझं एका माणसाचं महिन्याभराचं पाणी. मंगळवेढ्याची ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने, हे कुठलं गणित?

मोहोळ_तालुका

मग ज्वारीला उसासारखा भाव द्या. उद्या ऊस मोडतो.

भीमा_काठ

पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं काढली, आता निवृत्त. दोघांनाही थोडं थोडं.

शहरवाल्यांना वाटतं उजनीतून सोडलं की पाणी आलं. पाईपलाईनचं येतं. पण नदीतून सोडलेलं पाणी पंढरपूरवरून सोलापूरसाठीच्या औज बंधाऱ्यात पोचायला आठवडा जातो. वाटेत ऊन पितं, वाळू पिते आणि काठावरच्या मोटारी पितात. मोटारींसाठी काठाची लाईट तोडावी लागते, मग काठावरची गावं आम्हाला शिव्या घालतात. काठावर रात्रभर फिरलोय मी बॅटरी घेऊन. पाण्यात आडवी टाकलेली पाईप दिसत नाही, फक्त आवाज येतो, इंजिनाचा. जवळ गेलं की बंद.

कॅनॉलचंही तेच. नमुना नंबर सातचा, म्हणजे पाणीमागणीचा अर्ज एका एकराचा, भिजवलंय चार एकर. आवर्तन टेलला, म्हणजे कॅनॉलच्या शेवटाला पोचायच्या आत संपतं आणि टेलचा शेतकरी माझ्या तोंडावर अर्ज फेकतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शेतकऱ्यांचं पाणी-न्यायालय आहे. दर गुरुवारी भर दुपारी बाराला चर्चच्या दारात बसतं. आठ कालवे, प्रत्येकाचा एक निवडलेला माणूस, सगळे स्वतः शेतकरी. वकील नाही, कागद नाही, तोंडी तक्रार आणि तिथल्या तिथं निकाल. ज्या कालव्याचं भांडण, त्याचा माणूस निकालात बसत नाही. शेकडो वर्षं चाललंय. आमच्याकडं पाणीवापर संस्था कागदावर किती झाल्या! पण सरपंचाच्या मेहुण्याचं पाण्याचं दार बंद करायची वेळ आली की सगळे पाटकऱ्याकडं बघतात.

टपरीवरचा_चहा

एवढं स्पेन कशाला बे, विंडहुकला चला. नामिबियाच्या राजधानीत १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून तेच पितात. आपण पण गटारीचं पाणी प्या, ऊस पण वाचला आणि ताईंची टाकी पण भरली. 😂

भीमा_काठ

हसू नका. पुणे आणि पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. उन्हाळ्यात फुगवट्यावर हिरवा तवंग बघितलाय का? आपण ते पाणी कधीपासून पितोय. विंडहुकवाले ते मुद्दाम, मोजून-तपासून करतात. आपण नशिबावर सोडलंय.

टपरीवरचा_चहा

आता चहा पिववेना राव.

सात_रस्ता

सिंगापूरमध्येही २००३ पासून हेच पाणी आहे, न्यूवॉटर म्हणतात. बहुतेक कारखान्यांना जातं, थोडं धरणांत मिसळतात. त्यांना मलेशियाकडून पाणी घ्यावं लागतं, १९६२ चा करार २०६१ ला संपतो, म्हणून आधीपासून तयारी. आपला करार कुणाशी? पावसाशी. उजनी ऑगस्टमध्ये भरली की पुढारी ओटी भरायला जातात, फोटो येतात आणि मार्चपर्यंत सगळं विसरतात. विषय भरकटला, पण शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीला दिलं तर मोहोळवाल्यांना चालेल का? इस्राएलमध्ये ८५ टक्क्यांहून जास्त सांडपाणी शेतीत जातं.

मोहोळ_तालुका

चालेल, पण आधी शुद्ध करून दाखवा. नाल्याचं काळं पाणी उपसून भाजी पिकवणारे आहेतच, ती भाजी सकाळी तुमच्याच मंडईत येते.

इस्राएलचं नाव निघालंय तर एक कबूल करतो. मी ठिबक केलंय, सातही एकरांवर. सबसिडी उशिरा आली पण आली. पाटानं दारं धरायचो तेव्हा रात्रीच्या लाईटीला चिखलात उभं राहावं लागायचं, आता कॉक फिरवला की झालं. पाणी चांगलंच वाचलं. आणि त्या वाचलेल्या पाण्यावर मी काय केलं? आधी साडेपाच एकर ऊस होता, तो सात केला. गावात ठिबक केलेल्या जवळजवळ सगळ्यांनी हेच केलं. विहिरीची पातळी होती तिथंच आहे.

हिप्परग्याची_सून

दादा, हे लिहायला धाडस लागतं. मी उगाच तोडून बोलले असेन तर सोडून द्या.

पण नेमकं इथंच अडतंय. इस्राएलची ठिबक आपण उचलली, त्यांचा १९५९ चा कायदा नाही उचलला. तिथं सगळं पाणी जनतेचं, स्वतःच्या विहिरीतलंसुद्धा. किती उपसायचं ते सरकार ठरवतं आणि मोजतं. आपल्याकडं माझी जमीन, माझा बोअर.

मोहोळ_तालुका

सरकार ठरवणार म्हणजे पुन्हा ज्याची वट त्याला जास्त. नको.

भीमा_काठ

सरकार नको तर गावानं ठरवा. त्यासाठी इस्राएलला जायची गरज नाही, पुरंदरला जा. सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. घरातल्या एका माणसाला अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही हिस्सा. आणि ऊस बंद. हिवरे बाजारनं पुढं पाण्याचा ताळेबंद मांडला, किती पाऊस पडला ते मोजून मग काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. तिथंही ऊस नाही.

जुळे_सोलापूर_७७

हे मोहोळ-माढ्यात चालणार नाही. चाललं असतं तर पन्नास वर्षांत पुरंदरच्या बाहेर सगळीकडं गेलं असतं.

भीमा_काठ

चालणार नाही हे मलाही माहीत आहे. पण का चालणार नाही, ते मोहोळवाल्यांच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्या घरात माणसं किती?

मोहोळ_तालुका

सहा. म्हणजे तीन एकर. तुमच्या नियमानं अडीच.

मोहोळ_तालुका

आणि ऊसतोड करणारं कुटुंब वस्तीवर राहतं, त्यांची आठ माणसं आहेत. गुंठाभर जमीन नाही. त्यांनाही अडीच. म्हणजे माझं साडेचार एकरांचं पाणी जाणार, आणि उरलेल्यासाठी बरोबरीनं पाळीला त्यांच्या शेजारी उभं राहायचं.

घरी हे वाचून दाखवलं. वडील काही बोलले नाहीत, उठून मोटार चालू करायला गेले.