शेपटीच्या मुळाशी जखम झालेली कोंबडी कळपात परत कधी सोडावी?

प्रश्न – परसदार, मखमलाबाद

नमस्कार. आमच्या घरामागे गिरिराज आणि गावरान मिळून अकरा कोंबड्या व एक कोंबडा आहे. मार्चअखेर आठवडी बाजारातून आणलेल्या तीन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) त्यांच्यात सोडल्या आणि तेव्हापासून टोचाटोची वाढली. परवा संध्याकाळी खुराड्याचे दार लावताना एका जुन्या गावरान कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोललेली दिसली. भोवतीची पिसे गेली होती आणि उरलेली रक्ताने चिकटून राठ झाली होती. तिला लगेच डालग्याखाली ठेवले आणि खोबरेल तेलात हळद कालवून लावली. ती दाणे खाते व पाणीही पिते.

मुंगसाच्या भीतीमुळे सध्या कोंबड्या दिवसभर पत्र्याच्या खुराड्यातच असतात. खाद्य म्हणून मक्याचा भरडा आणि घरातला उरलेला भात देतो. जखमेवर नेमके काय लावावे, तिला परत कधी सोडावे आणि नव्या तलंगा विकून टाकाव्यात का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कुक्कुटपालक, सिन्नर

तलंगा विकण्याची घाई करू नका. टोचण्याचे कारण शोधायचे असेल तर जखम शरीरावर कुठे आहे, हे आधी पाहावे लागते. कळपातला मान ठरवण्यासाठी होणारी भांडणे समोरासमोर होतात आणि त्यांच्या खुणा तुऱ्यावर, गलोलांवर (चोचीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्यांवर) व डोक्यावर उमटतात. कोंबड्यांमधली ही उतरंड थोरलाइफ श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२२ साली सविस्तर मांडली. नवे पक्षी आले की ती नव्याने ठरते आणि बहुधा थोड्या दिवसांत शांत होते. पाठीवर व मानेवर पिसे झडलेली असतील तर कोंबडा चढताना त्याच्या नखांनी झालेले ओरखडे असण्याची शक्यता जास्त असते. शेपटीच्या मुळाशी झालेली जखम मात्र सहसा भांडणाची नसते. तिथे तेलग्रंथी असते, पिसे कोवळी असतात आणि मागून टोचणारी कोंबडी समोरचीला दिसतही नाही. ज्या कोंबडीला जमीन उकरायला मिळत नाही, ती चोचीचे ते काम शेजारणीच्या पिसांवर करते.

त्यात तुमचा आहार भर घालतो. मक्यात प्रथिने साधारण ८ ते ९ टक्के असतात आणि भातात त्याहून कमी, तर अंडी देणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. पीस हे जवळजवळ पूर्णपणे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते, त्यामुळे प्रथिने कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे ओढून खाऊ लागतात. शेंगदाणा पेंड दिल्याने प्रथिने वाढतात, पण पिसांसाठी आवश्यक असलेले मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) तिच्यात कमी असते, शिवाय ओलसर पेंडीला बुरशीचे विष धरते. म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य हाच मुख्य आहार ठेवावा आणि भरडा संध्याकाळी मूठभर द्यावा. सुकटीत मेथिओनिन चांगले असते, पण खारवलेली असेल तर मिठाचा अपाय होतो. ती बिनमिठाची पाहून थोडीच घालावी.

मुंगसावर उपाय म्हणजे द्राक्षबागेतली जुनी जाळी वरून आणि मजबूत तारेची जाळी बाजूंनी लावून लहानसे आवार करणे. बारीक छिद्रांची तारजाळी जमिनीत वीतभर खोल गाडली तर मुंगूस खालून उकरून आत येत नाही. खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे किमान ४ चौरस फूट जागा आणि बाहेरच्या आवारात ८ ते १० चौरस फूट मिळाली, की निम्मी टोचाटोची थांबते. एप्रिलमध्ये पत्र्याखाली फार उकडते. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग निववते, आणि अशा तापलेल्या कळपात चोच लवकर चालते. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा गवत पसरावे, दाणा-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि मेथी-पालकाची जुडी कोंबड्यांना मान वर करावी लागेल इतक्या उंचीवर टांगावी. सर्वांत अधिक उपयोग राख व माती मिसळलेल्या खड्ड्याचा होतो, कारण त्यात लोळल्याने अंगावरचे किडेही जातात आणि चोचीला दिवसभर काम मिळते.

उत्तर – निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, निफाड

वरील सल्ला योग्य आहे. मी फक्त जखमेबद्दल लिहितो. तेलात कालवलेली हळद अपायकारक नाही, पण तेलाने भोवतीची पिसे चिकटतात आणि त्यांत धूळ अडकते. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात ९ ग्रॅम म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा मीठ विरघळवावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर धार सोडून ती धुवावी. भोवतीची चिकटलेली पिसे कात्रीने आखूड करावीत, उपटू नयेत. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून दिवसातून दोनदा लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरू नये, त्याने नवी कातडी जळते. जेन्शियन व्हायोलेट हे जांभळे औषध रक्ताचा लाल रंग झाकते म्हणून पुष्कळजण ते लावतात, परंतु उंदरांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे, त्यामुळे ज्या पक्ष्यांची अंडी घरात खाल्ली जातात त्यांच्यावर मी ते लावू देत नाही.

या दिवसांत माश्यांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. उघड्या जखमेत किडे पडायला एक दिवसही पुरतो. सकाळ-संध्याकाळ कोंबडीला हातात धरून पिसे बाजूला करून पाहावे, आणि वळवळ किंवा दुर्गंधी आढळली तर टर्पेंटाइनसारखे उपाय घरी न करता दवाखाना गाठावा. गुदद्वारातून मांसल भाग बाहेर आला असेल, पोटाची पोकळी उघडी पडली असेल किंवा कोंबडीने खाणे सोडले असेल, तरीही वाट पाहू नये. १९६२ या फोन क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. प्रतिजैविक दिले गेल्यास अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे.

चोचीचे टोक कापण्याचा सल्ला कुणी दिला तर परसातल्या कोंबड्यांसाठी तो मानू नये. चोचीत नसा असतात, आणि कापलेल्या चोचीने किडे व दाणे टिपणे अवघड जाते.

परसदार, मखमलाबाद

काका आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी सावलीत बसून लक्ष ठेवले, तेव्हा एक जुनी गिरिराज कोंबडीच इतरांच्या मागे जाऊन शेपटीचे पीस ओढते आणि ते गिळते, असे स्पष्ट दिसले. नव्या तलंगा बिचाऱ्या कोपऱ्यात बसून असतात. तर आता वेगळे कोणाला ठेवायचे?

उत्तर – कुक्कुटपालक, सिन्नर

सध्या दोघींनाही. जखमी कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवण्यापेक्षा खुराड्यातच तारेच्या जाळीआड ठेवावी, म्हणजे ती इतरांना दिसत राहील. नजरेआड गेलेल्या कोंबडीला परतल्यावर परकी समजून मारतात. पीस ओढणारी गिरिराज मात्र पूर्ण नजरेआड, दुसऱ्या जागी, आठवडाभर ठेवावी. ती परत येईपर्यंत तिची जागा दुसरीने घेतलेली असते आणि तिचा जोर बराच उतरतो. पाहून पाहून ही खोड इतर कोंबड्याही उचलतात, म्हणून तिला हलवण्यात उशीर करू नये.

जखमी कोंबडीला खपली पूर्ण गळून पडल्यावर आणि खालची कातडी कोरडी व गुलाबी दिसू लागल्यावरच सोडावे. अंधार पडल्यावर तिला दांडीवर इतरांशेजारी बसवावे आणि उजाडताना स्वतः तिथे हजर राहावे. मुळासकट उपटलेली पिसे काही आठवड्यांत परत येतात, मात्र मधूनच तुटलेली पिसे पुढच्या पीसझडीपर्यंत तशीच राहतात. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असते आणि एक कोंब तुटला तरी ते वाहू लागते, त्यामुळे पिसे पूर्ण उलगडेपर्यंत रोज संध्याकाळी तिची शेपटी तपासत जा.