शट डाउन आणि रीस्टार्ट एकच नव्हे

'रोज संध्याकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर बंद करूनच निघतो, तरी सपोर्टवाले आधी रीस्टार्ट करायला सांगतात, ही निव्वळ टाळाटाळ आहे' ही काहींची तक्रार मला पटत नाही. टाळाटाळ करणारेही असतात, पण इथे बहुतेकदा तक्रार करणारा आणि सपोर्टवाला दोघंही खरंच बोलत असतात. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची मेमरीतली स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे काल अडकलेला वायफायचा ड्रायव्हर आजही तसाच अडकलेला मिळू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं.

खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'अप टाइम', म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, ते बघा. मी सपोर्टला असताना रोज मशीन बंद करणाऱ्यांच्याही स्क्रीनवर तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसायचा आणि त्यांचा विश्वास बसायचा नाही. त्यात त्यांचा काहीच दोष नाही. बटणावर शट डाउन लिहिलंय म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? हे नीट समजावून सांगणं सपोर्टचंच काम आहे. जुन्या हार्ड डिस्कवर या सोयीने बराच वेळ वाचायचा, एसएसडीवर (हल्लीच्या वेगवान डिस्कवर) फरक फारसा जाणवत नाही. तेव्हा ऑफिसची परवानगी असेल तर पॉवर ऑप्शन्समधून ती बंदच करा, नाहीतर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होईल.