मदत हवी आहे: नोकरी पुण्यात, घर आणि चर्चची मंडळी जालन्यात. रविवार कुणाला द्यायचा?

सगळ्यांना नमस्कार आणि सलाम.

प्रश्न आधी सांगते, म्हणजे वेळ कमी असणाऱ्यांनाही उत्तर देता येईल. मी पुण्यात एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नवरा, दोन मुलं आणि सासूसासरे जालन्यात. आठवड्यातून एकदा घरी जाते. त्या एका रविवारात घर असतं आणि चर्चही असतं, आणि दोन्हीकडची माणसं माझी वाट बघत असतात. चर्चमधल्या जबाबदाऱ्या सोडाव्यात का, आणि सोडायच्या तर कोणत्या आधी, हे मला ठरवता येत नाहीये. ज्यांनी अशा ये-जा करत वर्षं काढली आहेत त्यांनी कृपया लिहा.

बिऱ्हाड पुण्याला हलवणं आत्ता शक्य नाही. नवरा खाजगी अनुदानित शाळेत शिक्षक आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना निदान आंतरजिल्हा बदलीची वाट तरी असते, संस्थेच्या शाळेतल्या माणसाला तीही नाही. सासऱ्यांना कंपवात आहे, उठता-बसता हात द्यायला कुणीतरी लागतं. माझी नोकरी कायमची आहे, भरतीच्या वयोमर्यादेच्या अगदी टोकाला मिळालेली, आणि घराचं कर्ज तिच्यावर चालतं. ती सोडायचा विचार आम्ही दोघांनीही केलेला नाही.

पोट एकीकडे आणि घर एकीकडे हे मराठवाड्याला नवीन नाही. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यापुढे माझं दुःख मोठं आहे असं मी म्हणत नाही. पण रस्ता मलाही थकवतो.

आमच्या इन्चार्ज सिस्टर समजूतदार आहेत. शक्य तेव्हा शनिवारी सकाळची ड्युटी, रविवारी सुट्टी आणि सोमवारी दुपारची असं लावून देतात. बदल्यात मी महालक्ष्म्यांना, लक्ष्मीपूजनाला, संक्रांतीला ड्युटी करते. माझ्या मैत्रिणींना ते दिवस घरी हवे असतात, मला रविवार आणि नाताळ हवा असतो, त्यामुळे आमचं छान जमलंय. शनिवारी दुपारी सुटले की वाकडेवाडीहून एसटी धरते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, नाहीतर दर आठवड्याची ही खेप मला परवडलीच नसती. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, पण वाघोली आणि शिक्रापूर पार होईपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. पुढे शिरूर, नगर, नेवासा फाटा, संभाजीनगर. जालन्याच्या स्टँडवर उतरते तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. रेल्वेने जायचं तर मनमाडचा वळसा पडतो, तो माझ्या वेळेत बसत नाही.

आता रविवार. साडेआठला शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचे बायबलचे वर्ग, तिथे मधल्या गटाचा वर्ग माझ्याकडे आहे. मग उपासना. उपासना सुटली की महिला संघ. त्याची मी सचिव आहे, म्हणजे इतिवृत्त, वर्गणी, कुणाकडे बाळंतपण झालंय, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी प्रार्थनेला जायचंय, हे सगळं. घरी पोचायला दीड वाजतो. जेवण, सासऱ्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात लावणं, युनिफॉर्म, मुलाचा राहिलेला गृहपाठ. रात्री पुन्हा बस. मुलांबरोबर निवांत म्हणावेत असे जेमतेम चार तास, त्यातही मला बसल्या जागी झोप लागते.

मुलगा दुसरीत आहे, तो गळ्यात पडून मोकळा होतो. मुलगी आठवीत. ती शनिवारी रात्री दार उघडते, पिशवी घेते आणि आत जाते. बोलायला लागते ती रविवारी दुपारनंतर, म्हणजे माझी निघायची तयारी सुरू होते तेव्हा. मागच्या महिन्यात म्हणाली, "तू वर्ग घेतेस तेव्हा मीपण बाकीच्या मुलांतलीच एक असते." तक्रारीच्या सुरात नाही, सहज म्हणाली. लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून, तिचा दृढीकरणाचा (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून चर्चची पूर्ण सभासद होण्याचा) वर्ग सुरू होईल. ती काय शिकते, तिच्या मनात कोणते प्रश्न येतात, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे. नवऱ्याकडून फोनवर कळणं वेगळं.

तुम्ही म्हणाल, मग सोडा ना चर्चचं काम. सासूबाईही तेच म्हणतात. पण गोष्ट इतकी सोपी नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, नवऱ्याच्या आजोबांचे वडील त्या वस्तीत वाढले. एवढ्या पिढ्यांची ही माणसं आहेत. सासरे न्हाणीघरात पडले तेव्हा मी पुण्यात नाईटला होते, नवरा दहावीच्या सहलीबरोबर गेला होता. त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि रात्रभर दवाखान्यात बसले ते तरुण संघातली मुलं. मुलाला गोवर झाला तेव्हा पाळकबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, रोज डबा देऊन जायच्या. मी पुण्यात निर्धास्तपणे ड्युटी करू शकते ती या मंडळीच्या जिवावर. मंडळी माझ्या घराला इतकं देत असताना मी फक्त उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसायचं आणि निघून जायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

आणि मुळात मला शिकवायला आवडतं, हेही सांगते. आठवडाभर वॉर्डात दुसऱ्यांची दुखणी बघितल्यावर पंधरा-वीस मुलांसमोर येशूच्या दाखल्यातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना मला माझं स्वतःचं काहीतरी परत मिळतं.

आणखी एक. रविवारी ड्युटी लागली तर पुण्यात क्वार्टर्सजवळच्या मराठी उपासनेला जाते. तिथे प्रभूभोजन (येशूच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस) घ्यावं की जालन्यातल्या महिन्याच्या पहिल्या रविवारची वाट बघावी? तिथले लोक आपुलकीने विचारतात, सभासद म्हणून नाव इकडे का आणत नाही म्हणून. नाव हलवायचं माझ्या जिवावर येतं.

दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी जाऊन दोन सुट्ट्या जोडून घेणं कुणाला जमलंय का? मुलांना मधल्या रविवारी पुण्याला बोलावणं? काहीही सुचवा, पण अनुभवाचं सुचवा.

पूर्णाकाठ:
ताई, मी परभणीचा. चाकणला कारखान्यात बरीच वर्षं होतो, साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणजे घरी जायचो तेव्हा मुलं शाळेत, बायको अंगणवाडीत. आमचं घर वारकरी, एकादशीचं कीर्तन चुकलं की वडील बोलायचे नाहीत, पण त्यांचा चेहरा सांगायचा. त्यामुळे तुमचं म्हणणं पोचलं.

पंधरा दिवसांचा प्रयोग मी केला. शरीराला आराम पडला, पण मुलं लहान होती तोवर तो जमला नाही. दुसऱ्या आठवड्यात धाकटा फोनवर यायचाच नाही. मुलं मोठी झाल्यावर मात्र तोच बरा वाटला. तुमच्याकडे एक लहान आणि एक मोठी आहे, म्हणून विचारून बघा, विशेषतः मुलीला. कदाचित तिला दर आठवड्याच्या घाईच्या चार तासांपेक्षा पंधरा दिवसांनी मिळणारे दोन पूर्ण दिवस आवडतील.

आणि एक सांगतो. शनिवारी स्टँडवर न्यायला नवऱ्यासोबत एका मुलाला येऊ द्या. माझी मोठी मुलगी यायची. स्टँड ते घर या रस्त्यात ती जे बोलली ते घरात कधी बोलली नाही. घरी पोचलं की आजी, स्वयंपाक, टीव्ही, सगळे मध्ये येतात.

निवृत्त_परिचारिका, लातूर:
सिस्टर, तुमची नेमणूक सार्वजनिक आरोग्य विभागाची की वैद्यकीय शिक्षण विभागाची, हे लिहिलेलं नाही. बदलीचं सगळं त्यावर आहे. आरोग्य विभागात असाल तर पुणे मंडळातून औरंगाबाद मंडळात यायचं आहे, जालना त्या मंडळात येतं. मंडळ बदललं तर सेवाज्येष्ठतेचं काय होतं, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका. वैद्यकीय शिक्षणात असाल तर जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तिथल्या पदांची चौकशी आजच करा.

बदल्यांचा कायदा २००५ चा. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल ३ वर्षांचा धरला आहे आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये होतात. म्हणून विनंती अर्ज त्याच्या बराच आधी गेलेला असावा. पती-पत्नी एकत्रीकरण आणि सासऱ्यांचं आजारपण ही दोन्ही कारणं त्यात लिहा, कागद जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी दोनदा अर्ज दिला तेव्हा तिसऱ्यांदा काम झालं.

बालसंगोपन रजा माहीत आहे ना? राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मुलं १८ वर्षांची होईपर्यंत एकूण १८० दिवस मिळते. पुष्कळ जणी ती मुलांच्या दहावी-बारावीसाठी राखून ठेवतात. मुलीच्या दृढीकरणाच्या आधीचे काही दिवस त्यातून काढता येतात का बघा. रजा सासऱ्यांच्या दुखण्यावर खर्च करू नका, त्यासाठी दुसऱ्या रजा आहेत.

गोदाकाठची:
मी ख्रिस्ती नाही, नांदेडची आहे, नोकरीमुळे मुलाला आईकडे ठेवलं होतं. मला वाटतं सगळं सोडावं, निदान मुलगी दहावी होईपर्यंत. वर्ग दुसरं कुणी घेईल. तिची आई दुसरं कुणी होणार नाही. कठोर वाटलं तर माफ करा, पण माझा मुलगा आता कॉलेजात आहे आणि अजून आजीलाच सगळं सांगतो.

मंडळीतला_एक:
ताईसाहेब, सलाम. मी संभाजीनगरच्या एका मंडळीत पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीचा सभासद, म्हणून काम केलं आहे. गोदाकाठच्या ताईंचं दुखणं खरं आहे, तरी "सगळं सोडा" याला माझा विरोध आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की शिकवताना तुम्हाला काही परत मिळतं. ते काढून घेतलं तर मुलीच्या वाट्याला येणारी आई जास्त थकलेली असेल.

मात्र सचिवपद आणि वर्ग ही एका वजनाची कामं नाहीत. वर्ग तासाभरात संपतो. सचिवपद उपासनेनंतरचा सगळा वेळ खातं आणि आठवडाभर फोन वाजवत ठेवतं. सचिवपद सोडा. पण हळूहळू गैरहजर राहून सोडू नका, त्याने मनं दुखावतात. वार्षिक सभेच्या आधी पाळकसाहेबांना भेटून कारण सांगा आणि लेखी द्या. वह्या आणि वर्गणीचा हिशेब नव्या सचिवांकडे नीट सोपवा. आमच्याकडे एक सिस्टर अशाच बाहेरगावी होत्या, त्यांनी हे केलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

वर्गाला जोडीदार घ्या. महिन्यातले दोन रविवार तुमचे, बाकीचे त्यांचे. आणि तुमची पाळी नसेल त्या रविवारी वर्गाच्या वेळेला चर्चमध्ये येऊच नका, मुलीबरोबर घरी थांबा, दोघी मिळून थेट उपासनेला या.

प्रभूभोजनाचं म्हणाल तर पुण्यात अवश्य घ्या. पाळकसाहेबांकडून तुम्ही दृढीकरण झालेल्या सभासद असल्याचं पत्र घेऊन तिथल्या पाळकांना द्या. त्यासाठी नाव हलवावं लागत नाही. मेज प्रभूचा आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, मी वैद्यकीय शिक्षण विभागात आहे. जालन्याच्या महाविद्यालयाचं माझ्या डोक्यात होतं, पण तिथे पदं भरायला अजून वेळ आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी थांबले होते. आता सोमवारी ड्युटीच्या आधी आस्थापनेत जाते.

पंचसाहेब, सचिवपदाचं पत्र लिहून ठेवलंय. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की हिशेबाची वही तो पूर्ण करून देईल. वर्गाच्या जोडीदाराचं अजून ठरत नाही. जिला विचारलं तिचं बाळ लहान आहे, तिने नाताळनंतर सांगते म्हटलंय.

गोदाकाठच्या ताई, तुमचं वाचून मी रडले. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मुलीला पंधरा दिवसांचं विचारलं, ती म्हणाली, "नको, दर आठवड्याला ये, पण झोप." म्हणून आता रविवारी दुपारी आम्ही दोघी तासभर झोपायचं ठरवलंय, युनिफॉर्म नवरा बघेल.

पूर्णाकाठ दादा, स्टँडवर मुलाला थंडीत आणायला सासूबाई नाही म्हणतात, मुलगी येईल.

एक शेवटचं विचारायचंय. एकत्रीकरणाच्या अर्जाला नवऱ्याच्या नोकरीचा दाखला जोडायचा आहे. अनुदानित शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांची सही चालते, की त्यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी लागते? कुणी असा अर्ज केला असेल तर सांगा, म्हणजे या रविवारीच नवऱ्याला कागदाला लावते.